सरकारी की खाजगी? दोनशे वर्षांचा हिशेब



इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, नागपूर, जिथे जिथे मराठी घरं आहेत तिथून एक प्रश्न मला हमखास येतो. विचारणारा कधी पंचविशीतला मुलगा असतो, कधी त्याची आई. "सर, सरकारी परीक्षा देत राहायचं, की हातात आहे ती खाजगी नोकरी धरायची?" मी फौजेत होतो, म्हणजे पक्का सरकारी माणूस. त्यामुळे उत्तर एका शब्दात मिळेल अशी त्यांची अपेक्षा असते. मी एका शब्दात उत्तर देत नाही. पण हा प्रश्न आपल्या घरात शिरला कसा, ते मला सांगता येतं. आणि ते कळलं की निम्मा निर्णय आपोआप होतो.

सरकारी नोकरी जन्मली एका खाजगी कंपनीत

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. ही म्हण आपल्या आजोबा-पणजोबांची. नोकरी तळाला! मग ती वर कशी आली?

गंमत अशी, की आज आपण जिला सरकारी नोकरी म्हणतो ती आपल्या देशात सुरू झाली एका खाजगी कंपनीत. ईस्ट इंडिया कंपनी ही लंडनच्या भागधारकांची व्यापारी कंपनी होती. रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ मध्ये मद्रासला उतरला तो कंपनीचा कारकून म्हणून, वर्षाला ५ पौंड पगारावर. एवढ्याशा पगारात कोणी सात समुद्र ओलांडून येत नाही. खरी कमाई होती स्वतःच्या खाजगी व्यापारात, नजराण्यांत आणि लाचेत. क्लाइव्ह १७६० मध्ये मायदेशी परतला तेव्हा गडगंज श्रीमंत होता.

हा कारभार पुढे कंपनीच्याच अंगाशी आला. लॉर्ड कॉर्नवॉलिसने कलेक्टरचा पगार महिना १५०० रुपये केला, वर वसुलीवर एक टक्का दिला आणि खाजगी व्यापाराला बंदी घातली. हिशेब साधा होता: माणसाला पोटभर द्या, म्हणजे तो दुसरीकडे हात पसरणार नाही. वरच्या जागा मात्र त्याने गोऱ्यांसाठीच राखून ठेवल्या.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चांगला पगार आणि पक्की नोकरी ही बक्षिशी नव्हती. ती एका हेतूने केलेली व्यवस्था होती.

पदवी मिळाली की चाकरी

१८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगने जाहीर केलं, की सरकारी जागा भरताना इंग्रजी शिकलेल्यांना पसंती मिळेल. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठं निघाली. शिक्षण म्हणजे पदवी आणि पदवी म्हणजे सरकारी खुर्ची, ही गाठ तेव्हा बसली. ती अजून सुटलेली नाही.

सर्वांत वरची खुर्ची होती आय.सी.एस.ची. १८५३ च्या कायद्याने ती खुल्या स्पर्धेला मोकळी झाली, १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर ती उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले. रवींद्रनाथांचे हे थोरले बंधू मुंबई इलाख्यात नेमले गेले आणि १८९७ मध्ये साताऱ्याहून न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. ही परीक्षा भारतातही घेतली जाऊ लागली ती थेट १९२२ पासून. तोवर बोटीचं भाडं परवडेल त्याच घरातला मुलगा कलेक्टर होण्याचं स्वप्न पाहू शकत होता.

त्याच काळात पुण्यात काही तरुणांनी उलटा रस्ता धरला. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. निबंधमाला चालवत होते. बदली होऊन रत्नागिरीला गेले आणि १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. टिळक त्यांच्याबरोबर आले, आगरकर एम.ए. होऊन मिळाले. आगरकरांनी आईला पत्र लिहून आधीच सांगून टाकलं होतं, की मुलाच्या मोठ्या पगाराची आशा धरू नकोस.

आजच्या भाषेत या मंडळींनी सरकारी सोडून खाजगी धरलं. पण पगाराची तुलना करून नाही. आपण कोणाला बांधलेले असणार आणि कोणतं काम करणार, हे त्यांनी आधी ठरवलं. आणि खाजगी संस्था म्हणजे स्वर्ग नव्हे, हेही त्यांना लवकरच कळलं. वेतन आणि बाहेरची कामं यांवरून डेक्कन एज्युकेशन सोसायटीत वाद पेटले आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले.

खाजगी, पण कोणतं खाजगी?

आता दुसरी बाजू पाहू. खाजगीत सुरक्षितता नसते, असं आपण सरसकट म्हणून टाकतो. जमशेदपूरचा पोलाद कारखाना काय सांगतो? तिथे १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस लागू झाला, १९१५ मध्ये मोफत औषधोपचार, १९२० मध्ये पगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा देशाच्या कारखाना कायद्यात आली १९४६ मध्ये आणि प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा झाला १९५२ मध्ये. म्हणजे इथे खाजगी मालक सरकारच्या तीस वर्षं पुढे होता.

आणि आता या मुंबईत. परळ-लालबागच्या गिरण्याही खाजगीच. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या माणसांना वाटायचं, गिरणीत चिकटलो म्हणजे जन्माचं झालं. बापाच्या जागी मुलगा लागायचा. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. १९८३ मध्ये सरकारने मुंबईतल्या तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, तरी त्यांनाही पुढे जीव धरता आला नाही. एका पिढीचं 'परमनंट' दीड-दोन वर्षांत हवेत विरलं.

जमशेदपूरही खाजगी आणि गिरणगावही खाजगी. नुसत्या शब्दावरून काही कळतं का?

पाटी बदलते, खुर्ची तीच

सरकारी आणि खाजगी यांच्यामधली भिंतही आपल्याला वाटते तेवढी पक्की नाही. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यांत पुण्यात १९३५ मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. आदल्या दिवशी खाजगी नोकर म्हणून घरी गेलेला कॅशियर दुसऱ्या दिवशी सरकारी बँकेचा माणूस होऊन उठला. काउंटर तोच, खातेवही तीच.

विमान कंपनीचं पाहा. टाटांनी १९३२ मध्ये सुरू केली, १९५३ मध्ये सरकारने घेतली, जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा टाटांकडे गेली. सरकारी नोकरी म्हणून एअर इंडियात लागलेली माणसं एका सहीने खाजगी झाली.

पस्तीस-चाळीस वर्षांची नोकरी करायची असेल, तर आज दारावर असलेली पाटी शेवटपर्यंत राहील हे धरून चालू नका.

सुरक्षितता कशासाठी दिली?

आता मूळ मुद्दा. सरकारी नोकराला सहज काढता येत नाही, ते राज्यघटनेच्या ३११ व्या कलमामुळे. ज्याने नेमलं त्याच्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला बडतर्फीचा हुकूम काढता येत नाही, आणि काही ठरावीक अपवाद सोडले तर आरोप सांगून, चौकशी करून, बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय काढता येत नाही.

हे संरक्षण का दिलं? ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत सेवांवर टीका होत होती. कालपर्यंत इंग्रजांची चाकरी करणाऱ्यांना हमी कशाला, असा सूर होता. सरदार पटेल ठामपणे उभे राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: देश एकसंध ठेवायचा असेल, तर आपलं मत निर्भयपणे सांगणारी सेवा हवी, आणि पायाखाली जमीन पक्की असल्याशिवाय कोणी निर्भयपणे बोलत नाही.

म्हणजे पक्की नोकरी ही आरामासाठी दिलेली नाही. वरिष्ठाला, मंत्र्याला "साहेब, हे नियमात बसत नाही" असं सांगता यावं म्हणून दिलेली आहे. कॉर्नवॉलिसने पगार दिला तो हात स्वच्छ राहावेत म्हणून. पटेलांनी संरक्षण दिलं ते जीभ मोकळी राहावी म्हणून.

आणि आता एक गोष्ट, जी फारच थोड्या आईवडिलांना माहीत असते. मी ज्या सरकारी नोकरीत आयुष्य काढलं, त्या सैन्यदलाला कलम ३११ लागूच नाही. सैनिक राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर असतो. त्याला लागू होतो तो सेना अधिनियम. उलट बाजूही बघा. निवृत्तीनंतर मी काही वर्षं एका खाजगी कंपनीत काम केलं. तिथल्या नेमणूकपत्रात लिहिलं होतं, की महिन्याची नोटीस देऊन दोघांपैकी कोणीही करार संपवू शकतो. फौजेत मला अशी सोय नव्हती. अधिकाऱ्याने राजीनामा दिला तरी तो मंजूर व्हावा लागतो. सगळ्यांत 'सरकारी' समजल्या जाणाऱ्या नोकरीत ते संरक्षण नाही आणि निघून जायची मुभाही नाही. तरी आम्ही ती केली, कारण काम ते हवं होतं.

पेन्शनचा इतिहास

"शेवटी पेन्शन तर आहे ना?" हा पुढचा प्रश्न. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची खैरात नाही, केलेल्या सेवेपोटी मिळणारा तो हक्क आहे, असं न्यायालयाने सांगितलं. पेन्शनर मंडळी हा दिवस आजही पाळतात.

पण १ जानेवारी २००४ पासून केंद्रात लागलेल्या नव्या लोकांसाठी, सैन्यदलं वगळता, जुनी पेन्शन बंद होऊन अंशदायी योजना आली. १ एप्रिल २०२५ पासून त्यांना एकीकृत योजनेचा पर्याय मिळाला: पंचवीस वर्षं सेवा झाली असेल, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं. आणि २०२२ पासून सैन्यात जवान भरती होतो तो चार वर्षांसाठी. तुकडीतल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात.

मुद्दा एवढाच, की वडिलांची सरकारी नोकरी आणि मुलाला मिळणारी सरकारी नोकरी ही एकच वस्तू नाही. वडिलांच्या अनुभवावर मुलाचा निर्णय करू नका.

जुन्या पद्धतीतही जवान चाळिशीच्या आसपास घरी यायचा. मुलं शाळेत, घराचं कर्ज डोक्यावर आणि पुढे वीस वर्षं काम करायचं बाकी. माझ्याकडून निरोप घेऊन गेलेल्या जवानांत मला एक फरक स्पष्ट दिसला. गाड्यांची दुरुस्ती, वायरलेस, दवाखान्यातलं काम असं काही हातात असलेला माणूस सहा महिन्यांत उभा राहायचा. नुसत्या पेन्शनच्या भरवशावर गेलेला एखाद्या एटीएमच्या दारात रात्रपाळी करताना भेटायचा. पेन्शन दोघांनाही होती.

मग निवड कशी करायची?

चार प्रश्न कागदावर लिहा आणि दोन्ही नोकऱ्यांसमोर उत्तरं भरा. मला काढायचं ठरवलं तर ते कोण आणि कोणत्या पद्धतीने काढू शकेल? साठीनंतर हातात काय येईल, आजच्या नियमाने, काकांच्या काळच्या नाही? दहा वर्षांनी ही नोकरी गेली, तर माझ्या हातात कोणतं कौशल्य उरेल? आणि चौथा, सगळ्यांत महत्त्वाचा: चुकीच्या कामाला नाही म्हणायची जागा मला कुठे जास्त मिळेल, आणि ती मी वापरणार आहे का?

परीक्षा देणाऱ्या मुलांना आणखी एक सांगतो. किती वर्षं देणार ते आजच ठरवा आणि घरी सांगून ठेवा. तारीख न ठरवता मोहीम कोणी काढत नाही. परीक्षा हा मार्ग आहे, त्यावर घर बांधायचं नसतं.

आणि रस्ते दोनच असतात असंही नाही. वर्गीस कुरियन १९४९ मध्ये आणंदला आले ते सरकारी शिष्यवृत्तीच्या कराराने बांधलेले, नाखूश सरकारी अभियंता म्हणून. सुटका झाल्यावर मुंबईला जायचं सोडून ते तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी दूध संघात राहिले. ते ना सरकारी ना खाजगी. त्यातून अमूल उभं राहिलं.

ज्याला सरकारी संरक्षण हवंय त्याने ते जरूर मिळवावं, पण ते ज्यासाठी दिलंय त्यासाठी वापरावं. ज्याला खाजगीत जायचंय त्याने कमीपणा मानू नये. आपल्या देशात कामगाराला आठ तासांचा दिवस आधी तिथेच मिळाला. आणि आईवडिलांनी मुलाला "कुठे लागलास?" याच्या आधी एकदा "काम काय करतोस?" हे विचारावं.

जय हिंद.