लोकसभेचा दिवस आणि मराठवाड्याचे कलम

परभणीहून गंगाखेडकडे जाताना वाटेत पोखर्णी लागते. नृसिंहाचे ठाणे म्हणून हे गाव साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. रेल्वेनेही स्थानकाला ‘पोखर्णी नृसिंह’ असेच नाव दिले आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंती येते आणि आमच्या वसंतातल्या व्याख्यानांचा हंगामही साधारण तोच. तेव्हा पार्लमेंटच्या कामकाजाविषयी बोलताना आरंभ नृसिंहाच्या कथेपासून केला, तर श्रोत्यांनी तो विषयांतराचा दोष मानू नये.

हिरण्यकशिपूने जो वर मागून घेतला, तो पाहा. मरण दिवसा नको, रात्री नको; घरात नको, घराबाहेर नको; माणसाच्या हातून नको, पशूच्या हातून नको. आजच्या भाषेत सांगायचे, तर हा एक काळजीपूर्वक तयार केलेला मसुदा होता. पण कलमा-कलमांच्या मध्ये फट राहिली. संध्याकाळ राहिली, उंबरठा राहिला. त्या फटीतून न्याय आत आला, हे प्रल्हादाचे भाग्य. परंतु कायद्याच्या शब्दांत राहिलेली फट नेहमीच प्रल्हादाच्या बाजूने उघडते असे नाही. मराठवाड्याच्या बाबतीत ती कशी उघडली, आणि ज्या सभागृहात ती राहून गेली त्या सभागृहाचा दिवस कसा जातो, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत पोखर्णी निजामाच्या राज्यात होती. त्या राज्यात एक कायदे कौन्सिल होते खरे. परंतु शेवटचा शब्द फर्मानाचा. फर्मान हैदराबादेत निघे आणि गावात पोचे ते हुकूम म्हणून. त्याआधी कोणी कोणाला काय विचारले, कोणत्या शब्दाला कोणी हरकत घेतली, हे गावाला कळण्याचे कारणच नव्हते, कारण तसे काही घडतच नसे. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपली. इतिहासाचा विनोद असा की, भारताचे संविधान हैदराबादला लागू होईल हे मान्य करण्यासाठीही निजामाने २३ नोव्हेंबर १९४९ रोजी फर्मानच काढले. फर्मानाने फर्मानाचा कारभार संपवला.

पुढे १९५२ ची निवडणूक झाली. परभणीच्या मतदारांनी शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना लोकसभेत धाडले. स्वामी रामानंद तीर्थही गुलबर्ग्याहून निवडून त्याच सभागृहात गेले. १३ मे १९५२ रोजी पहिली लोकसभा भरली. अध्यक्षपदी निवड झाली ती गणेश वासुदेव मावळंकरांची. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्याचे, वकिली अहमदाबादेची. कामकाजाच्या ज्या रीती आज आपण गृहीत धरतो, त्यांतल्या पुष्कळशा त्यांच्या हाताखाली घडल्या. ऊठसूट वटहुकूम काढून कायदे करण्याची सवय लोकशाहीला मानवणारी नाही, असे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लेखी कळवले होते. ज्या मुलखाने फर्मान भोगले, त्याला या आग्रहाचे मोल वेगळे सांगायला नको.

आता लोकसभेचा एक दिवस पाहू. सभागृह अकराला भरते. अध्यक्ष आत येतात, सभासद उभे राहतात, आणि पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. सभासदाने आधी लेखी दिलेल्या प्रश्नाला मंत्र्याने उत्तर द्यायचे. ज्या प्रश्नावर तारांकन असते त्याचे उत्तर तोंडी मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. बाकीच्यांची उत्तरे लेखी. मंत्र्याची खरी परीक्षा उपप्रश्नात होते, कारण पहिले उत्तर कचेरीने लिहून दिलेले असते, दुसरे त्याला स्वतःला द्यावे लागते. एखाद्या गावचा बंधारा, एखादा रखडलेला लोहमार्ग दिल्लीच्या नोंदीत यायचा तो बहुधा याच तासात.

त्यानंतर कागदपत्रे सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात: अहवाल, नियम, अधिसूचना. बघणाऱ्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो. पण पटलावर ठेवलेला कागद सर्वांचा होतो. त्यावर प्रश्न विचारता येतो, तो लपवता येत नाही. मग ‘शून्य प्रहर’. नियमांच्या पुस्तकात हे नाव सापडत नाही, तरी तातडीची गाऱ्हाणी मांडण्याची ही वेळ १९६० नंतरच्या काळात रूढ झाली.

हे झाले म्हणजे विधेयके. विधेयकाची तीन वाचने होतात. पहिल्यात ते मांडण्याची परवानगी मागायची. दुसऱ्याचे दोन भाग: आधी तत्त्वावर चर्चा, वाटल्यास प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवणी, आणि नंतर कलमवार विचार. तिसऱ्यात संपूर्ण विधेयक संमत करायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. मग ते राज्यसभेत जाते, तेथेही याच पायऱ्या, आणि अखेर राष्ट्रपतींची संमती.

यांपैकी वर्तमानपत्रांत गाजते ते तत्त्वावरचे भाषण. आमच्या मते दिवसाचा गाभा कलमवार विचारात आहे. अध्यक्ष एकेक कलम पुकारतात. ज्याने दुरुस्ती दिली असेल तो उठून सांगतो की, अमुक ओळीतला अमुक शब्द काढून तमुक घाला. ‘हो’ म्हणणारे आणि ‘नाही’ म्हणणारे आवाज देतात. कोणी हरकत घेतली तर मोजणी होते. १९५७ साली मत नोंदवणारे यंत्र येईपर्यंत सभासद उठून लॉबीत जात, ‘हो’वाले उजवीकडे आणि ‘नाही’वाले डावीकडे, आणि तेथे शिरगणती होई. दुपार झालेली असते, बाके रिकामी होऊ लागलेली असतात. सभागृह चालायला एकदशांश हजेरी पुरते. आजच्या हिशेबाने ५४३ पैकी पंचावन्न. अशा थकलेल्या घटकेला ज्या शब्दांना ‘हो’ मिळते, ते शब्द पुढे पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या जिवाशी येतात.

१९५६ साली हेच झाले. राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला होता. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे त्याचे सभासद. त्यावर आधारलेले विधेयक गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी लोकसभेत आणले. संविधानाच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे त्याचा मसुदा आधी संबंधित राज्यांच्या विधानसभांकडे मतासाठी गेला, तसा तो हैदराबादच्या विधानसभेकडेही गेला. जी विधानसभा या विधेयकाने नाहीशी व्हायची होती, तिलाही विचारण्यात आले. फर्मानाच्या काळाशी तुलना केली म्हणजे याचे महत्त्व कळते. मग संयुक्त समिती झाली. मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याच्या बेताविरुद्ध महाराष्ट्र पेटला होता. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी त्याच प्रश्नावर जुलैमध्ये राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये विधेयक सभागृहात असतानाच द्विभाषिक मुंबई राज्याची दुरुस्ती आली आणि लोकसभेने ती स्वीकारली. १ नोव्हेंबर १९५६ पासून पोखर्णी हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आली, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

एवढा भाग सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच पुनर्रचनेसाठी संविधानातही दुरुस्ती करावी लागली. विधेयक म्हणून तिचा क्रमांक नववा होता, कायदा झाला तो सातव्या दुरुस्तीचा. अशा विधेयकाला नुसते आवाजी मत चालत नाही. एकूण सभासदांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत, अशी दुहेरी अट असते. तेव्हा सभासदांना लॉबीत जावेच लागले. या दुरुस्तीने संविधानात नवे ३७१ वे कलम आले, आणि त्याच्या दुसऱ्या उपकलमात ‘मराठवाडा’ हे नाव भारताच्या संविधानात लिहिले गेले.

त्यात काय होते? विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र, सौराष्ट्र, कच्छ आणि उर्वरित गुजरात यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे. प्रत्येक मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे. विकासाच्या पैशाची न्याय्य वाटणी. तंत्रशिक्षणाची पुरेशी सोय आणि सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी. या सर्वांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर. १९५३ च्या नागपूर करारात जे नेत्यांनी एकमेकांना वचन म्हणून दिले होते, त्यातला मोठा भाग येथे देशाच्या मूळ कायद्यात आला. मराठवाड्याने बिनशर्त सामील व्हावे आणि त्याच्या पदरात एवढे पडावे, हे थोडे नव्हे.

पण क्रियापद पाहा. राष्ट्रपती आदेशाने अशी तरतूद ‘करतील’ असे कलम म्हणत नाही. ‘करू शकतील’ असे म्हणते. तेवढीच ती फट. मंडळे मागायला गेले, तर कलम दाखवता येते. दिली नाहीत, तरी कलम मोडले असे म्हणता येत नाही.

परिणाम काय झाला? १९८३ साली राज्य सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी समिती नेमली. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने यांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीहून किती मागे, याचा हिशेब तिने १९८४ साली मांडला, आणि संपूर्ण राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला. ‘अनुशेष’ हा शब्द आमच्याकडे चावडीवर बोलला जाऊ लागला तो तेव्हापासून. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी मंडळांची मागणी लावून धरली. १९९४ मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि १ मे १९९४ पासून मंडळे अस्तित्वात आली. कलम अमलात आल्यापासून साडेसदतीस वर्षांनी! ज्या दिवशी पोखर्णी मुंबई राज्यात आली त्या दिवशी जन्मलेले मूल तोवर चाळिशीला टेकले होते. पुढे मंडळांना वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली; ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली तेव्हा मात्र ती मिळाली नाही. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये पुनरुज्जीवनाचा ठराव केला. मंडळे आली, थांबली. कलम मात्र जागचे हलले नाही, आणि त्यातले ‘शकतील’ही.

येथे कोणी म्हणेल की, सारा दोष एका क्रियापदावर घालणे बरोबर नाही. ते खरे आहे. ‘करतील’ असे असते तरी दिरंगाई करणाऱ्यांनी दिरंगाई केलीच असती, आणि मंडळे असतानाही अनुशेष संपला नाही. आम्हांला म्हणायचे आहे ते इतकेच: ‘करतील’ असते, तर न करणाऱ्याला त्याचे कारण सांगावे लागले असते, प्रश्नोत्तरांच्या तासातही आणि न्यायालयातही. कायद्याच्या शब्दाने विहिरीला पाणी लागत नाही. पण पाणी का लागले नाही, हे कोणाला विचारायचे, ते कायद्याचा शब्दच ठरवतो.

म्हणूनच सभागृहाचे दिवस किती आणि कलमांवर वेळ किती, ही चौकशी दिल्लीकरांनी करायची, गावाने नव्हे, असे मानू नये. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ बैठकी झाल्या. २०१९ ते २०२४ च्या सतराव्या लोकसभेत २७४. २००९ ते २०१४ या पंधराव्या लोकसभेत शंभरांपैकी सुमारे एकाहत्तर विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत सुमारे सोळा. गोंगाट, सभात्याग, तहकुबी यांच्या बातम्या आपण चवीने वाचतो. त्या गोंगाटात किती कलमे विचार न होताच संमत झाली, हे विचारत नाही. सभागृह भव्य असून भागत नाही. १९२७ च्या गोल इमारतीतून संसद २०२३ मध्ये नव्या वास्तूत गेली. कलम वाचणारा सभासद जागा असेल, तर दोन्ही वास्तू सारख्याच पवित्र, नसेल तर सारख्याच रित्या.

फर्मानाच्या काळी पोखर्णीच्या माणसाला कायद्याबद्दल एकच प्रश्न विचारता येत होता: हुकूम काय आहे? आज त्याला आणखी तीन विचारता येतात. विधेयक समितीकडे गेले होते काय? कलमवार विचाराच्या वेळी आपला सभासद हजर होता काय? आणि त्यात ‘करतील’ आहे की ‘करू शकतील’? मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे तीन प्रश्न गावच्या पारावर विचारले जावेत, एवढीच विनंती करून आम्ही रजा घेतो.