अंगभर आरशाची कुळकथा

1683 साली फ्रान्सचा अर्थमंत्री जाँ-बाप्तिस्त कोल्बेर वारला आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या घरातल्या चीजवस्तूंची मोजदाद झाली. त्या यादीतल्या दोन नोंदी इतिहासकार आजही चवीनं सांगतात. एक रफाएलचं चित्र, किंमत तीन हजार लिव्र. दुसरा चांदीच्या चौकटीतला व्हेनिसचा आरसा, किंमत आठ हजारांच्या वर. त्या काळी पॅरिसमधल्या साध्या मजुराच्या हाती दिवसाकाठी फार तर लिव्रभर पडायचा. गंमत अशी, की व्हेनिसचा आरसा फ्रान्समध्ये येऊच नये म्हणून ज्यानं उभी हयात खटपट केली, तो हाच कोल्बेर.

आरसा एवढा महाग का होता? तो फक्त मुरानोवरच नीट बनायचा, म्हणून. व्हेनिसजवळच्या या बेटावर 1291 पासून काचकामाच्या भट्ट्या हलवलेल्या होत्या. शहराला आगीचा धोका नको हे त्याचं उघड कारण. पण कारागीर एका बेटावर कोंडलेले असले की त्यांच्यावर नजर ठेवणं सोपं, हा फायदाही व्हेनिसच्या सरकारला लवकरच कळला. तिथली काच स्फटिकासारखी नितळ होती. फुंकणीच्या टोकाला तापलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, फुंकून त्याची लांबट नळी करायची, ती उभी चिरायची आणि भट्टीत पुन्हा तापवून सपाट पसरायची. मग घासकाम. शेवटी दगडी मेजावर कथलाचा पातळ पत्रा अंथरून त्यावर पारा ओतायचा, काच वरून अलगद सरकवायची, तिच्यावर वजनं ठेवायची आणि मेज तिरपं करून जास्तीचा पारा निथळू द्यायचा. यात आठवडे जात. पारा हाताळणाऱ्यांचे हात पुढे कायमचे कापू लागत.

या सगळ्या खटाटोपातून निघणारा आरसा फार मोठा होत नसे. माणसाच्या छातीत मावतो त्याहून जास्त वारा तो काचेत फुंकू शकत नाही, आणि फुंकणीच्या टोकावर पेलेल इतकाच गोळा उचलता येतो. मोठ्यात मोठा तुकडा मीटरभराच्या आसपास. ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची सगळी कथा तिच्याभोवती फिरते.

चौदावा लुई 1643 मध्ये गादीवर आला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. खरा कारभार त्यानं हाती घेतला तो 1661 मध्ये, मुख्यमंत्री माझारँ वारल्यावर. पुन्हा मुख्यमंत्री नेमायचा नाही, सगळं आपणच पाहायचं, असं त्यानं दरबाराला तेव्हाच सांगून टाकलं. अशा राजाच्या दरबारात दिसणं हेच काम होतं. त्यामुळे आरशांची हाव सुटली तर नवल नाही. फिएस्कच्या काउंटेसनं गव्हापलीकडे काही न देणारी एक शेतजमीन विकून आरसा घेतला आणि सौदा कसा झकास जमला म्हणून ती मिरवत होती, असा किस्सा दरबारातला उमराव सँ-सिमों याच्या आठवणींत आहे. फ्रान्सचा पैसा असा दर वर्षी व्हेनिसला वाहत होता, आणि देशाबाहेर जाणारं सोनं-चांदी म्हणजे कोल्बेरच्या पोटातला गोळाच.

ज्या 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, त्याच वर्षी कोल्बेरनं फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली. पुढे त्या कंपनीची वखारही सुरतेलाच पडली. कोल्बेरच्या या कंपनीमागे आणि आरशाच्या खटपटीमागे हिशेब एकच होता. बाहेरचा माल दुसऱ्याच्या हातून घ्यायचा नाही, आणि जमेल ते घरीच बनवायचं.

पण आरसा घरी बनवायचा तर तो बनवणारा माणूस हवा. व्हेनिसमधला फ्रेंच वकील होता बेझिएचा बिशप पिएर द बोंझी. मुरानोची माणसं फोडून आण, असं कोल्बेरनं त्याला कळवलं. बोंझीनं उत्तर धाडलं, की असलं काम करताना सापडलो तर समुद्रात फेकला जाईन. ही भीती अनाठायी नव्हती. परमुलखात जाऊन धंदा करणाऱ्या काचकारागिराच्या नातलगांना तुरुंगात टाकावं, तरीही तो परतला नाही तर मागावर माणूस पाठवून त्याला संपवावं, अशी व्हेनिसची कायद्यातली तरतूद होती.

तरीही 1665 मध्ये मुरानोचे काही कारागीर गुपचूप पॅरिसला पोहोचले. अंतोनिओ देल्ला रिवेत्ता हा त्यांतला मुख्य. ऑक्टोबरात, म्हणजे इकडे पुरंदरचा तह होऊन चार महिने झाले होते तेव्हा, निकोला द्यु नॉयेच्या नावानं राजाची सनद निघाली. आरसे बनवण्याचा वीस वर्षांचा मक्ता. कारखाना पॅरिसच्या पूर्वेला, सँ-आंत्वान उपनगरातल्या रेयी रस्त्यावर उभा राहिला. दुसऱ्याच वर्षी खुद्द लुई तो पाहायला आला आणि कारागिरांना बक्षिसी देऊन गेला. राजानं भट्टीपाशी येऊन उभं राहावं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

मुरानोकरांना याची चांगलीच जाणीव होती. पगार भरमसाट, लाड भरपूर, आणि आपली विद्या फ्रेंच पोरांना दाखवायला ठाम नकार. त्यांची गुपितं त्यांच्या मुठीत राहिली तोवरच त्यांचा भाव होता, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या बायका पॅरिसला आणवण्याचीही खटपट झाली, म्हणजे त्यांना मागे जाण्याचं कारण उरू नये. व्हेनिसनं उलटा डाव टाकला आणि घरी बोलावणारी बायकांच्या नावची खोटी पत्रं त्यांच्या हाती पडली.

मग 1667 च्या जानेवारीत एक कसबी कारागीर तापानं गेला. तीन आठवड्यांत दुसरा पोटदुखीनं तळमळत गेला. विषाची बोलवा उठली, मृतदेहाची तपासणीही झाली, पण हाती काही लागलं नाही. काही लागण्याची गरजही नव्हती. उरलेल्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. व्हेनिसनं माफी देऊ केली आणि वर्ष सरता सरता ते माघारी गेले.

कोल्बेरचा बेत इथेच बारगळायचा. तो वाचला नॉर्मंडीतल्या एका माणसामुळे. शेरबूरजवळच्या तूर्लाव्हील गावी रिशार ल्युका द नेऊची काचेची भट्टी होती आणि तिथे फुंकून नितळ काच बनत होती. पॅरिसच्या कारखान्यानं त्याच्याशी सांधा जोडला. कच्ची काच तूर्लाव्हीलमध्ये बनायची, घासकाम आणि पाराकाम पॅरिसला. एवढी पळवापळवी करून, जीव जाऊन जे मिळवायचं होतं ते आपल्याच मुलखात निम्मंअर्धं आधीपासून होतं! 1672 मध्ये व्हेनिसच्या आरशांवर आयातबंदी आली.

आता या मालाला राजाश्रयाचं गिऱ्हाईक हवं होतं. ते 1678 मध्ये मिळालं. व्हर्सायच्या राजवाड्याच्या पश्चिम बाजूला एक गच्ची होती. तिथे पाणी गळायचं, वाराही सतत लागायचा. वास्तुकार झ्यूल आर्दुआँ-माँसारनं तिच्या जागी एक लांबलचक दिवाणखाना उभारला. लांबी 73 मीटर, रुंदी दहा मीटरहून थोडी जास्त. बागेकडे उघडणाऱ्या 17 उंच खिडक्या आणि समोरच्या भिंतीवर तेवढ्याच 17 कमानी. या कमानींत आरसे. छतावर शार्ल ल ब्रँनं लुईच्या पराक्रमांची चित्रं रंगवली. काम 1684 मध्ये पुरं झालं.

जगभरचे प्रवासी आजही त्या भिंतीपुढे उभे राहतात आणि एवढाले आरसे पाहून थक्क होतात. पण जवळ गेलं की दिसतं, एकेक कमान म्हणजे 21 तुकड्यांची जुळणी आहे. 17 कमानींचे मिळून 357 तुकडे, आणि सांध्यांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या धातूच्या पट्ट्या. फुंकलेल्या काचेचे सगळे तुकडे व्हेनिसच्याच रीतीचे. युरोपातल्या सर्वांत बलाढ्य राजाला 1684 मध्ये अखंड मोठा आरसा मिळू शकत नव्हता, कारण तो अस्तित्वातच नव्हता. व्हर्साय हा मोठ्या आरशाचा जन्म नव्हे. व्हर्सायनं फक्त तशा आरशाची भूक लावून ठेवली.

जिनोआचा शासक 1685 मध्ये माफी मागायला याच दिवाणखान्यात आला, आणि पुढच्या वर्षी सयामचे वकील भेटी घेऊन आले. भिंतीला लागून भरीव चांदीची मेजं, शमादानं आणि फुलझाडांच्या कुंड्या होत्या. 1689 मध्ये लढाईचा खर्च झेपेना म्हणून राजानं ही सगळी चांदी वितळवून तिची नाणी पाडली. काच तेवढी राहिली, कारण वितळवून तिचं काही येत नव्हतं.

खरी उडी पडली ती दिवाणखाना पुरा झाल्यानंतर तीनच वर्षांनी. ऑर्लेआँचा काचकार बेर्नार पेरो (हाही मूळचा इटलीचाच, पण मुरानोचा नव्हे, अल्तारेचा) यानं 1687 मध्ये विज्ञान अकादमीपुढे एक नवी रीत मांडली. काच फुंकायचीच नाही, ओतायची. त्याला सनदही मिळाली. पण 1688 च्या डिसेंबरात आब्राआम तेव्हारच्या नावानं मोठ्या ओतीव काचांचा वेगळा मक्ता निघाला आणि पेरोच्या वाट्याला अखेर एक निवृत्तिवेतन आलं. तेव्हारच्या मागे मातबर मंडळींचं भांडवल होतं. रीत कोणाची, यावर इतिहासकारांची अजून हुज्जत चालते. पेरोवर अन्याय झाला असं म्हणायला भरपूर जागा आहे.

नव्या सनदेतली एक अट मोठी बोलकी आहे. जुन्या कारखान्याच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून नव्या कंपनीनं किमान 60 इंच बाय 40 इंचांच्याच काचा ओतायच्या. फ्रेंच इंच थोडा मोठा, म्हणजे सव्वा पाच फुटांच्याही वर उंची. दोन मक्तेदारांचं भांडण नको म्हणून काढलेल्या या तोडग्यातून माणसाच्या उंचीचा आरसा हे कागदावरचं कलम झालं. कारागिरांना आता लहान काच करण्याची मुभाच नव्हती.

1692 मध्ये या नव्या कंपनीची भट्टी पिकार्दीतल्या सँ-गोबँ गावी, एका पडीक किल्ल्यात हलली. कारण सरपण. आजूबाजूला घनदाट जंगल होतं आणि जवळच्या शोनीहून नदीमार्गे काचा पॅरिसला नेता येत. रिशारचा पुतण्या लुई ल्युका द नेऊ तिथे काम पाहायचा.

ओतकामात धातूचं भलंमोठं सपाट मेज भट्टीजवळ आणलं जाई. लालभडक रसानं भरलेली कुंडी चिमट्यांनी धरून यारीनं उचलायची आणि मेजावर एका दमात उलटी करायची. पोळपाटावर लाटणं फिरवावं तसा धातूचा जड रूळ गड्यांनी त्यावरून ढकलत न्यायचा. मेजाच्या दोन्ही कडांना पट्ट्या असत. त्या पट्ट्यांची उंची हीच काचेची जाडी. रस गार होण्याआधी, काही क्षणांत हे उरकायचं. मग काच निववण्याच्या भट्टीत सरकवायची आणि दिवसचे दिवस हळूहळू गार होऊ द्यायची. घाई केली की तडा गेलाच. निघालेली काच दोन्ही अंगांनी खरबरीत आणि धुरकट असे. ती पॅरिसला रेयी रस्त्यावर जाई. तिथे वाळू आणि पाणी, मग कुरुंदाची पूड, शेवटी लोहाची तांबडी भुकटी लावून घासत बसायचं. मार्टिन लिस्टर नावाचा इंग्रज वैद्य 1698 मध्ये पॅरिसला आला, तेव्हा या एका घासकामावर 600 माणसं राबत असल्याचं त्यानं नोंदवलं. त्यानं पाहिलेला एक तयार आरसा 88 इंच लांब, 48 इंच रुंद होता आणि जाडी अवघी पाव इंच.

कंपनीचं नशीब मात्र काचेहून ठिसूळ निघालं. जुनी आणि नवी कंपनी 1695 मध्ये सरकारनं एक करून टाकली, आणि 1702 मध्ये तिचं दिवाळं वाजलं. काम सोडून जायला बंदी असूनही कारागीर देशाबाहेर पांगू लागले, म्हणजे व्हेनिसवर जी वेळ फ्रान्सनं आणली तीच फ्रान्सवर आली. त्याच वर्षी नवे धनको पुढे आले. त्यांत जिनिव्हाचा पैसा होता, आणि तो प्रोटेस्टंटांचा. सतरा वर्षांपूर्वी, प्रोटेस्टंटांना धर्माची मोकळीक देणारं नांतचं फर्मान रद्द करून याच लुईनं त्यांना देशोधडीला लावलं होतं.

घरोघरच्या भिंतीवर मोठा आरसा चढला तो एका छोट्या सोयीमुळे. 1690 च्या दशकात वास्तुकार रोबेर द कॉतनं शेकोटीवरची जड कोरीव सजावट काढून तिथे आरसा बसवला. मेणबत्त्यांचा उजेड दुप्पट होई आणि खोली मोठी भासे. 1715 मध्ये 72 वर्षं राज्य करून लुई गेला तेव्हा पॅरिसच्या श्रीमंत घरांत ही रीत रुळलेली होती.

व्हर्सायच्या त्या दिवाणखान्याचं नाव पुढे भलत्याच कारणांनी गाजलं. 1871 च्या जानेवारीत प्रशियानं पाडाव केलेल्या फ्रान्सच्या छातीवर बसून जर्मन साम्राज्याची घोषणा तिथेच केली. 28 जून 1919 रोजी त्याचा वचपा म्हणून तहावर जर्मनीच्या सह्या तिथेच घेतल्या गेल्या. शाळेच्या पुस्तकातला व्हर्सायचा तह तो हाच. हिंदुस्थानतर्फे बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी त्यावर सही केली. 2004 ते 2007 मध्ये दिवाणखान्याची डागडुजी झाली तेव्हा बऱ्याचशा जुन्या काचा पाऱ्यासकट शाबूत निघाल्या.

पाऱ्याचं काम मात्र कधीच संपलं होतं. 1835 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांना द्रावणातून काचेवर चांदीचा थर बसतो असं दिसलं. त्यावरून निघालेल्या रीतीनं पुढच्या काही दशकांत पारा हटवला. ओतकाम आणि घासकाम आणखी शंभर वर्षं टिकलं. 1959 मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं वितळलेल्या कथलावर काच तरंगवण्याची रीत जाहीर केली. त्या काचेची दोन्ही अंगं जात्याच गुळगुळीत, घासायला नकोत. सँ-गोबँलाही पिल्किंग्टनकडून परवाना घ्यावा लागला.

लुईच्या सनदेची वारसदार ती कंपनी, आपल्याकडे जिला सेंट-गोबेन म्हणतात, 2000 पासून चेन्नईजवळच्या श्रीपेरुम्बुदुरला काच बनवते. महाराष्ट्रात तिचा पाय लागला तो मात्र काचेमुळे नव्हे. 1990 मध्ये तिनं अमेरिकेची नॉर्टन कंपनी विकत घेतली, आणि त्या वाटेनं उरणजवळच्या मोऱ्यात 1941 साली सुरू झालेली ग्राइंडवेल तिच्या कुळात आली. तिथला माल म्हणजे घासायची चाकं.