शिपायाची जखम आणि सरकारचा संशय

प्रतापगडच्या पायथ्याशीं १६५९ सालीं अफझलखानाच्या सैन्याचा मोड झाला, त्यानंतर शिवाजीमहाराजांनीं आपल्या लोकांची काय व्यवस्था केली, हें कृष्णाजी अनंत सभासदानें बखरींत नमूद करून ठेवलें आहे. जे कामास आले त्यांच्या मुलांची सोय लावली, मुलगा नसेल तेथें विधवेस निम्मा पगार चालू केला, आणि जखमी झालेल्यांस जखमेच्या मानानें पंचवीसांपासून दोनशें होनांपर्यंत रोख रक्कम दिली. ही बखर १६९७ च्या सुमाराची, म्हणजे त्या प्रसंगानंतर जवळजवळ चाळीस वर्षांची. तेव्हां होनांचे आंकडे अक्षरशः खरे मानावे कीं नाहीं, याविषयीं दुमत होऊं शकेल. परंतु जखमेची प्रत लावून तिच्या प्रमाणांत मोबदला द्यावयाचा, ही कल्पना सतराव्या शतकांतील मराठी लेखकाला अपरिचित नव्हती, एवढें तीवरून निश्चित दिसतें. पुढें पेशवाईच्या दप्तरांत ‘बालपरवेशी’च्या नोंदी जागोजाग सांपडतात. लढाईंत पडलेल्याच्या अज्ञान मुलांना लावून दिलेली ती नेमणूक होय.

तो काळ सोन्याचा होता, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. देणें धन्याच्या मर्जीवर होतें. मर्जी फिरली, किंवा गादीवर दुसरा आला, तर बंद पडलेल्या नेमणुकीबद्दल दाद कोणापाशीं मागावयाची? शिपायानें सरकारचा निकाल अमान्य करून वरच्या ठिकाणीं जावें, ही गोष्ट अगदीं अलीकडची आहे, आणि तिचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगितलेला नाहीं.

मेहरूण हें एके काळीं जळगांवालगतचें खेडें. आतां शहरानें त्याला पोटांत घेतलें आहे, तरी तलावामुळें आणि बोरांमुळें त्याचें नांव वेगळें राहिलें आहे. संध्याकाळीं तलावाकाठीं फिरावयास येणाऱ्यांत लष्करांतून परतलेले कांहीं गृहस्थ असतात, आणि प्रस्तुत लेखक इंग्रजी शिकवितो हें ठाऊक असल्यामुळें त्यांचे कागद अधूनमधून अर्थ लावण्यासाठीं त्याच्याकडे येतात. कागदांवरील तारखा निराळ्या, रोग निराळे. वाक्य मात्र एकच. हा विकार लष्करी नोकरीमुळें उद्भवलेला नाहीं व तिच्यामुळें वाढलेलाहि नाहीं, सबब अपंगत्वाची पेन्शन देतां येत नाहीं. या वाक्यांतील इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून वकीलमंडळींनीं त्याला ‘नाना’ असें नांव पाडलें आहे. मराठी कानाला त्यावरून नन्नाच्या पाढ्याची आठवण व्हावी, हा योगायोग कांहीं वाईट नाहीं. परंतु हें वाक्य आलें कोठून?

कंपनीच्या अमदानींत अपंग सैनिकांसाठीं पहिला नांवाजलेला निधि उभा राहिला, तो १७७० सालीं क्लाइव्हच्या नांवानें. मीर जाफरनें मृत्युपत्रानें ठेवलेल्या पांच लाख रुपयांवर त्याचा पाया घातला गेला. पैसा बंगालच्या नबाबाचा आणि लाभ गोऱ्या अधिकाऱ्यांना व सोजिरांना, असा तो व्यवहार होता. देशी शिपायालाहि पुढें पेन्शन मिळूं लागली, पण ती सरकारची मेहेरबानी म्हणून. १८७१ च्या पेन्शन ॲक्टानें ही मेहेरबानी कायद्याच्या चौकटींत बसविली. पेन्शनसंबंधीं दावा दिवाणी कोर्टानें ऐकूं नये, गाऱ्हाणें असेल तर तें कलेक्टरपुढें मांडावें, असें त्यांत ठरलें. त्या वेळीं सबंध खानदेशचा एकच जिल्हा असून कलेक्टर धुळ्यास असे. पूर्व खानदेश वेगळा होऊन जळगांवास जिल्ह्याची कचेरी आली, ती १९०६ सालीं. म्हणजे मेहरूणच्या पेन्शनरला तक्रार करावयाची तर सुमारें ९० किलोमीटरवरचें धुळें गांठणें आलें, आणि तेथें पोंचल्यावर देणारा आणि न्याय करणारा एकच. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमांत मात्र एक मोलाची तरतूद होती: गतसेवेबद्दल किंवा अंगच्या विकलतेबद्दल मिळणारी पेन्शन धनकोला जप्त करवितां येत नसे. खानदेशांतील सावकारीच्या गोष्टी ज्यांनीं घरांत वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना या कलमाची किंमत सांगावयास नको.

तलवारीची जखम सर्वांना दिसते. खरा प्रश्न उत्पन्न झाला तो न दिसणाऱ्या जखमांमुळें. पहिल्या महायुद्धांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत कूटच्या वेढ्यांत सांपडल्या. १९१५ च्या डिसेंबरांत वेढा पडला, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं शरणागति झाली. त्या पांच महिन्यांत गोळीइतकीच उपासमारीनें आणि स्कर्व्हीनें माणसें खचविलीं. अशा माणसाचें शरीर पुढें दहा वर्षांनीं गांवीं येऊन ढासळलें, तर तो दोष कूटचा कीं गांवच्या हवापाण्याचा? सर्जनच्या सळईनें याचें उत्तर निघत नाहीं. येथें जखम पाहण्याचें काम संपतें आणि पुराव्याचा वाद सुरू होतो. इंग्लंडांत या वादासाठीं १९१९ सालीं कायदा करून पेन्शन खात्याहून स्वतंत्र अशीं अपील न्यायाधिकरणें नेमलीं गेलीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, सिद्धतेचें ओझें सैनिकाच्या डोक्यावरून उतरविण्यांत आलें; आणि न्यायमूर्ति डेनिंग यांनीं १९४७ मध्यें एका पेन्शनच्या अपिलांत पुराव्याच्या मापाविषयीं जें विवेचन केलें, तें कायद्याचे विद्यार्थी आजहि अभ्यासतात.

स्वतंत्र भारताच्या नियमांत हेंच तत्त्व उतरलें. १९६१ च्या नियमावलीप्रमाणें अपंगत्व वीस टक्के वा अधिक असावें आणि तें नोकरीमुळें आलेलें किंवा वाढलेलें असावें, या दोन अटी होत्या. १९८२ च्या नियमांनीं पुढें स्पष्ट केलें कीं, हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी शिपायावर नाहीं, रास्त संशयाचा फायदा त्यालाच द्यावा, आणि भरतीच्या वेळीं ज्या रोगाची नोंद झाली नव्हती तो सामान्यतः नोकरींतच उद्भवला असें मानावें. कागदावर याहून उदार नियम मिळणें कठीण. परंतु मेडिकल बोर्डाच्या छापील तक्त्यांत ‘होय’ किंवा ‘नाहीं’ लिहावयाचें असतें, आणि ‘नाहीं’ लिहितांना कारण देण्याची संवय सुटली. धर्मवीर सिंग यांच्या खटल्यांत हेंच उघडकीस आलें. १९८५ सालीं सिग्नल दलांत भरती झालेल्या या शिपायाला नऊ वर्षांनीं फेफऱ्याच्या विकारावरून काढण्यांत आलें व पेन्शन नाकारली गेली. हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनीं ती देवविली, खंडपीठानें तो निकाल फिरविला, आणि अखेर २ जुलै २०१३ रोजीं सुप्रीम कोर्टानें ती परत दिली. कारण न देतां बोर्डानें लिहिलेला नकार कोर्टानें मानला नाहीं. नियम १९८२ चाच होता. तो लागू व्हावयास सुप्रीम कोर्ट लागलें.

सरकारपक्षाचें म्हणणें अगदींच पोकळ आहे, असें समजूं नये. रक्तदाब आणि मधुमेह हे विकार ज्यांनीं कधीं गणवेश चढविला नाहीं त्यांनाहि होतात, आणि तिजोरीला अंत आहे. पण ज्या संस्थेनें भरतीच्या दिवशीं माणसाला नखशिखांत तपासून धडधाकट ठरविलें, तिनेंच पंधरा वर्षांनीं त्याचा रोग जन्मजात ठरवावा, हें कांहीं पटत नाहीं. आणि ज्याचे नियम त्यानेंच त्यांतील संशयाचा फायदा स्वतःकडे वळवावा, हें त्याहून कमी पटतें.

२००७ च्या कायद्यानें सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झालें व २००९ मध्यें कामास लागलें. तत्पूर्वीं खात्यांतलीं दोन अपिलें संपलीं कीं हायकोर्टाचेंच दार ठोठवावें लागे. जळगांव-धुळ्याच्या माणसानें औरंगाबादच्या खंडपीठाकडे जावें, अशी रीत होती. आतां त्याला मुंबईचें पीठ, रेल्वेनें सुमारें ४२० किलोमीटर. न्यायाधिकरणानें अनेकांना न्याय दिला, यांत शंका नाहीं. मग एक विचित्र गोष्ट घडूं लागली: अपील करणारा पक्षच बदलला. शिपाई जिंके आणि सरकार दिल्लीस अपील करी. १० डिसेंबर २०१४ रोजीं राम अवतार यांच्या खटल्यासह सरकारचीं अशीं शेंकडों अपिलें सुप्रीम कोर्टानें एकदम फेटाळलीं. वीस टक्क्यांचें अपंगत्व हिशेबासाठीं पन्नास धरावें, ही जी सवलत १९९६ पासून आजारामुळें मुदतीआधीं काढलेल्यांना होती, ती पूर्ण मुदत भरलेल्यांनाहि मिळावी, एवढाच तेथें वाद होता. पुढल्याच वर्षीं संरक्षणमंत्र्यांनीं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनें असे दावे सरकारनें सोडून द्यावेत, असें सांगितलें. तरी दावे थांबले नाहींत. २१ सप्टेंबर २०२३ रोजीं नवे नियम निघाले, आणि त्यानंतर नोकरी सोडणाऱ्यांच्या बाबतींत या देण्याच्या एका भागाचें नांवहि पालटलें. त्याच वर्षाच्या मार्चांत सुप्रीम कोर्टानें न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध हायकोर्टांत जाण्याची वाट पुन्हां मोकळी केली होती. ती २०१५ पासून बंद होती.

मेहरूणच्या मंडळींना सहसा ठाऊक नसते, ती गोष्ट कालमर्यादेची. नकाराचें पत्र हातीं पडल्यापासून खात्यांतील पहिल्या अपिलाला सहा महिने, आणि तें फेटाळल्यास दुसऱ्याला पुन्हां सहा. पत्र इंग्रजींत असतें आणि घरांत तें ट्रंकेंत पडून राहतें. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाहीं, कारण पेन्शन दरमहा देय होते आणि न दिल्याची चूक दरमहा नवी होते. हें सुप्रीम कोर्टानें तरसेम सिंग यांच्या खटल्यांत २००८ सालीं मान्य केलें. ते १९८३ मध्यें नोकरींतून बाहेर पडले व १९९९ मध्यें कोर्टांत गेले. मधल्या सोळा वर्षांची थकबाकी हायकोर्टानें देवविली होती. सुप्रीम कोर्टानें ती अर्जापूर्वींच्या तीन वर्षांपुरती ठेवली.