राणीच्या बागेतली व्याख्याने

व्याख्यान म्हटले की पुणेकर वसंत व्याख्यानमालेचे नाव घेणार. १८७५ साल, न्यायमूर्ती रानडे, सगळे कबूल. पण आम्ही लालबाग-भायखळ्याची माणसे त्याच्याही मागे जातो. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी १८४८ सालीच आपली सभा काढली होती. तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. इंग्रजीतून मिळालेले ज्ञान चार लोकांत उभे राहून आपल्या भाषेत सांगायचे, ही खटपट तिथे सुरू झाली. याच मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा नाना शंकरशेटांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतले म्युझियम याच गोतावळ्यातून उभे राहिले. आधीचे सरकारी संग्रहालय कोटात, टाऊन बरॅक्समध्ये होते. १८५७च्या धामधुमीत लष्कराला जागा हवी झाली आणि तिथल्या वस्तू बाहेर निघाल्या. पुढच्याच वर्षी नानांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली. नवे म्युझियम आणि भोवती बाग करायचे ठरले. डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वर्गणीसाठी कंबर कसली. १८६२ साली पायाभरणी झाली. पण १८६५ साली कापसाचा बाजार कोसळला, शेठ मंडळींच्या देणग्या आटल्या, काम रखडले. नानाही त्याच वर्षी गेले. दरवाजे उघडले १८७२ साली. भाऊंना ते पाहता आले. दोन वर्षांनी तेही गेले.

भाऊ मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर. रोगी तपासून उरलेल्या वेळात अजिंठ्याचे शिलालेख वाचायचे, गिरनारचा रुद्रदामनाचा लेख लावायचा आणि टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचायचा, असा त्यांचा खाक्या. ते निबंध मात्र इंग्रजीत. १९७५ साली म्युझियमला त्यांचे नाव मिळाले.

मी शिक्षिका होते तेव्हा सहल म्हणजे माकडे, हत्ती आणि शेवटी म्युझियम. मुलांची रांग एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर. बाहेरच्या दगडी हत्तीवर चढू नका एवढेच मी सांगत असे. तो घारापुरीचा आहे, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, १८६४ साली विलायतेला न्यायला उचलताना त्याचे तुकडे झाले आणि पुढे ते इथे आणून जोडले, हे सगळे निवृत्तीनंतर कळले. इमारतीची डागडुजी होऊन २००८ साली म्युझियम पुन्हा खुले झाले. त्यानंतर कला, इतिहास, साहित्य यांवरच्या कार्यक्रमांना मी जाऊ लागले, तेव्हा ते कळले.

अशाच एका दुपारी मराठी व्याख्यान आटोपल्यावर आम्ही पाचसहा जण मातीच्या पुतळ्यांच्या कपाटापुढे उभे होतो. मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींचे हे वीतभर पुतळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवले गेले, पाहुण्यांना इथली माणसे दाखवायला. वक्ता तरुण, वसाहतकाळ, वर्गीकरण वगैरे छान समजावत होता. एवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. चष्मा कपाळावर सारला, काचेला नाक लावले. म्हणाले, "बाळा, तुझं सगळं बरोबर. पण ही पगडी बघ. हिला पुढची चोच बघ कशी आलीय. ही बांधलेली नाही, बसवलेली आहे. आमचे आजोबा पगडबंद होते." मग साच्यावर ओले कापड ताणून पीळ कसा घालायचा, ते त्यांनी आपल्या गुडघ्यावर रुमाल गुंडाळून दाखवले. वक्त्याने वही काढली. "काका, परत एकदा सांगाल?"

त्या कपाटाखालच्या चिठ्ठीवर जात लिहिलेली आहे, कारागिरी नाही. पुतळे घडवणाऱ्यांना माणसांचे नमुने हवे होते. पगडी कुणाच्या हाताने झाली हे त्यांनी विचारले नसावे. ते सांगायला आजोबांचा नातू तिथे असावा लागतो आणि तो बोलेल अशी भाषा तिथे चालू असावी लागते. इंग्रजी व्याख्यानाला हे गृहस्थ कदाचित आलेही नसते. आले असते तर गप्प बसले असते.

म्हणून मराठी कार्यक्रम ही म्युझियमने स्थानिकांवर केलेली मेहेरबानी नव्हे. दादोबांच्या वेळेपासून चालत आलेले हे काम आहे आणि त्यात म्युझियमचाही फायदा आहे, कारण वस्तूंची निम्मी माहिती अजून लोकांच्या घरात पडून आहे. तेव्हा पुढच्या खेपेला नातवंडांना बागेत नेलेत की पेंग्विन बघून परतू नका. म्युझियममध्ये कुणाचे व्याख्यान आहे का ते विचारा, पुढच्या रांगेत बसा, आणि शेवटी हात वर करून मराठीत बोला.