सूट देतंय कोण? (व्ही.पी.पासून फ्लिपकार्टपर्यंत)

मागच्या आठवड्यात टपरीवर गावातलंच एक पोरगं भेटलं. बी.कॉम. झालेलं, घरची हळद. म्हणालं, "काका, एक बातमी लावा ना. डोंगरकड्यातून ऑनलाइन हळद विकायलोय. 40 टक्के सूट!"

मी म्हणलं, लावू की. आधी हिशेब दाखव.

अर्धा किलोचं पाकीट. छापील किंमत 200, विक्री 120 ला. हळकुंड, दळण, पिशवी मिळून खर्च 85. वर कुरिअरचे 60. म्हणजे 145 घालून 120 मिळवायचे. दर पाकिटाला 25 रुपये घरातून. त्यात दहातली तीन पाकिटं परत, जाण्या-येण्याचं भाडं ह्याच्याच बोकांडी. "ऑर्डरी वाढल्या की निघंल," म्हणतो. कसं निघेल रे बाबा? एका पाकिटाला 25 जात असतील तर हजार पाकिटांना 25 हजार जातील.

बातमी थांबवली. पण त्याला तोंडी जे सांगितलं ते इथं लिहितो. आपल्या भागात असा धंदा काढणारी पोरं वाढलीत, त्यांनी वाचावं म्हणून.

पहिली गोष्ट. घरबसल्या माल मागवणं काही मोबाइलनं आणलेलं नाही. टपाल खात्यानं 1877 मध्ये व्ही.पी. सुरू केली. मासिकात जाहिरात बघायची, कार्ड टाकायचं, पोस्टमन पार्सल घेऊन आला की पैसे देऊन 'व्ही.पी. सोडवायची'. आजचं कॅश ऑन डिलिव्हरी ते हेच. आणि सोडवली नाही की पार्सल परत, भुर्दंड विकणाऱ्याला. रोगही तेव्हाचाच. ज्याच्या मालावर आणि शब्दावर विश्वास, त्याची व्ही.पी. सुटायची.

दुसरी गोष्ट, स्वस्ताईची. मुंबईत नायगावला 1948 मध्ये कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थेतून 'अपना बाजार' उभा राहिला. घाऊक खरेदी, मधले हात कमी, भाव रास्त. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, तिची पद्धत तर आजच्या पोरांनी मुद्दाम समजून घ्यावी. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक गट करायचा. गटानं महिन्याच्या सामानाची मागणी आधी नोंदवायची. सगळ्या गटांची मागणी एकत्र करून संस्थेनं माल घ्यायचा आणि गटाला एकाच ठिकाणी पोचवायचा. वाटून घेणं सभासदांचं काम. दुकानाचं भाडं नाही, पडून राहिलेला माल नाही, घरोघरी फेऱ्या नाहीत. जो खर्च झालाच नाही, त्यातून स्वस्ताई आली. संगणक नव्हता, पण डोकं होतं.

तिसरी गोष्ट डीमार्टची. राधाकिशन दमाणी यांनी स्वतःचं दुकान काढण्याआधी नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून बघितली. मग 2002 मध्ये पवईला पहिलं डीमार्ट. शक्यतो जागा स्वतःची, म्हणजे भाड्याचा ताण नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर, म्हणून त्याच्याकडून भाव कमी. खपणारा माल ठेवायचा, दिखावा कमी. तेच पुढं ऑनलाइन आले तेव्हा जवळच्या केंद्रातून सामान स्वतः नेण्याची सोय ठेवली आणि घरपोच हवं तर पैसे लावले. शेवटच्या दोन किलोमीटरचा खर्च कुणीतरी भरतंच, हे त्यांनी लपवलं नाही.

आता मोठ्या सेलकडं या. फ्लिपकार्ट 2007 मध्ये बेंगळुरूत सुरू झालं, पुस्तकं विकत. पहिली ऑर्डर आली ती महबूबनगरहून. म्हणजे आपल्यासारखाच जुन्या निजामी मुलुखातला जिल्हा. तालुक्या-जिल्ह्याच्या गावात जे मिळत नाही ते मिळालं, म्हणून गिऱ्हाईक आलं. 2010 मध्ये त्यांनी कॅश ऑन डिलिव्हरी आणली आणि कार्ड नसलेला माणूसही गिऱ्हाईक झाला.

सुटीचं युद्ध पेटलं ते नंतर. 6 ऑक्टोबर 2014 चा 'बिग बिलियन डे' आठवत असेल. वेबसाइट कोलमडली, ऑर्डरी रद्द झाल्या, भाव आधी वाढवून मग सूट दाखवली अशी ओरड झाली. दुसऱ्याच दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची माफी मागितली. तरी कंपनी टिकली, कारण मागं गुंतवणूकदारांचा पैसा होता. 2018 मध्ये वॉलमार्टनं सुमारे 16 अब्ज डॉलर मोजून 77 टक्के हिस्सा घेतला. ती सूट धंद्याच्या नफ्यातून नव्हती, गिऱ्हाइकाला सवय लावायची किंमत होती. आपल्या पोराच्या मागं कोण आहे? बाप, आणि सोसायटीचं कर्ज.

मीशोनं आणखी वेगळी वाट धरली. 2021 मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन घेणं बंद केलं. कमाई जाहिरातीतून आणि माल पोचवण्याच्या व्यवस्थेतून. म्हणजे तिथं भाव पाडतो तो विक्रेताच, दुसऱ्या विक्रेत्याशी भांडून.

आणि 'इतके टक्के सूट' हा आकडा तरी कशावरचा? पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापायची सक्ती 1990 पासून आली. हेतू गिऱ्हाइकाची लूट थांबवायचा. पण कमाल किंमत किती छापायची ते बहुतेक मालाच्या बाबतीत बनवणाराच ठरवतो. 200 छापून 120 ला विकलं की झाली 40 टक्के सूट! गिऱ्हाईक एकदा फसतं, दुसऱ्यांदा शेजाऱ्याला सांगतं.

दीडशे वर्षांचा हा प्रवास बघितला की एक दिसतं. खर्चात खरी बचत झाली, तीच सूट टिकली. बाकीची सूट कुणाच्या तरी खिशातून गेली. गुंतवणूकदाराच्या, पुरवठादाराच्या, पार्सल पोचवणाऱ्या पोराच्या, नाहीतर स्वतःच्या.

पोराला म्हणलं, तुझी सूट कुरिअरमध्ये शोध. पुण्याकडं, चाकण-भोसरीला आपल्या भागातली किती पोरं नोकरीला आहेत. एकेका सोसायटीतून आधी मागणी घे, पैसे आधी घे, मग दळ. पन्नास पाकिटांचं एकच पोतं ट्रॅव्हल्सनं पाठव, तिथं एकानं वाटावं. पाकीट 120 लाच दे, पण छापील किंमतही खरी ठेव. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. आपल्या जिल्ह्याच्या हळदीचं नाव आहे, तिला खोट्या सुटीची गरज काय?

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण काका, सूट लिहिली नाही तर कुणी बघतच नाही."

हे मात्र खरं आहे, आणि ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते आपल्याकडं आहे, घेणाऱ्यांकडं. पुढच्या वेळी 40 टक्के दिसले की बटण दाबण्याआधी एवढंच विचारा, देतंय कोण?

बातमी मी लावणार आहे. पहिलं पोतं पुण्याला पोचून पैसे वसूल झाले, की त्या दिवशी.