रॉकेलच्या डब्याचं झाकण

मंडळी, दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी कधी ना कधी ऐकली असेल. नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचला, इंग्रज नौदलातला रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी. आमुंडसेनची माणसं सुखरूप परतली. स्कॉट आणि त्याचे चार सोबती परतीच्या वाटेवर गेले. कुत्रे बरे की घोडे, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. आज आपण बोलणार आहोत एका साध्या वस्तूबद्दल, रॉकेलच्या डब्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, डब्यात कसला आलाय इतिहास? पण बघा, तिथे पायाखाली सगळं पाणीच, आणि तेही गोठलेलं. बर्फ वितळवल्याशिवाय घोटभर पाणी मिळत नाही. त्यासाठी दोन्ही तुकड्यांकडे प्रायमस स्टोव्ह होते. आपल्या आज्या पंप मारून पेटवायच्या, तेच. रॉकेल संपलं की पाणी संपलं, गरम जेवणही संपलं.

परतीसाठी लागणारं अन्न आणि रॉकेल वाटेवर ठिकठिकाणी पुरून ठेवायचं, अशी पद्धत होती. आता रॉकेलचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. ते कुठूनही पाझरतं. स्कॉटलाही हे माहीत होतं. १९०१ ते १९०४ च्या पहिल्या मोहिमेत बुचांतून तेल झिरपून वाया जातं, हे त्याने स्वतः नोंदवलं होतं. म्हणून या वेळी आट्यांची झाकणं आणि आत चामड्याचे वॉशर आले. म्हणजे उपाय केला गेला. पण कडाक्याच्या थंडीत चामडं टिकलं नाही. त्यात परतणाऱ्यांना पटकन सापडावेत म्हणून डबे साठ्याच्या वरच्या बाजूला ठेवलेले. उन्हाने तेलाची वाफ व्हायची आणि झाकणातून निघून जायची.

आमुंडसेनलाही हीच अडचण आधीच्या उत्तरेकडच्या मोहिमेत आली होती. त्याने डबे चक्क झाळून बंद करायला लावले. झाकणाचा प्रश्नच उरला नाही. परतताना त्याला रॉकेलची चणचण भासली नाही.

कपड्यांचंही तसंच. १९०३ ते १९०५ असे दोन हिवाळे तो कॅनडाच्या उत्तरेला नेट्सिलिक लोकांच्या शेजारी राहिला होता. रेनडिअरच्या कातड्याचे सैल कपडे कसे घालायचे, हे तो त्यांच्याकडून शिकला. जिथे जायचं, तिथल्यासारख्या थंडीत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांना विचारायला त्याला कमीपणा वाटला नाही.

इकडे स्कॉटची तुकडी २४ फेब्रुवारीला एका साठ्यापाशी आली. अन्न ठीक होतं, रॉकेल कमी. १ मार्चला पुढचा साठा, तिथेही तेच. पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरत होता. एडगर इव्हान्स आधीच गेला होता. पुढे हिमदंशाने पाय निकामी झालेला ओट्स तंबूतून बाहेर पडला, तो परतलाच नाही. उरलेल्या तिघांचा शेवटचा मुक्काम मोठ्या साठ्यापासून जेमतेम १८ किलोमीटरवर पडला. १२ नोव्हेंबरला शोधपथकाला तो तंबू सापडला.

एका वॉशरने पाच माणसं मारली, असं मी म्हणणार नाही. अपुरं अन्न, असाधारण थंडी, वादळ, चौघांच्या हिशेबात पाचवा माणूस, अशी कारणं बरीच आहेत. पण एक फरक लक्षात घ्या. दोष दोघांनाही ठाऊक होता. एकाने तो कमी केला, दुसऱ्याने तो मुळातूनच काढला. घरापाशी अर्धी दुरुस्ती चालून जाते, कारण दुकान कोपऱ्यावर असतं. जिथे दुसरा डबा मिळणार नाही, तिथे सामान निवडताना सगळ्यात कच्चा सांधा कोणता, हे आधी बघायचं, आणि तिथल्यासारख्या थंडीत तो तपासायचा.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.