भोकाचा पैसा आणि पुठ्ठ्याचा आणा

दुसरे महायुद्ध युरोपात, आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशात लढले गेले. परंतु त्याची झळ बडोदे संस्थानातील पादऱ्यासारख्या बाजारगावांनाही लागल्यावाचून राहिली नाही. ती झळ होती सुट्या पैशांच्या टंचाईची. रुपया हातात असावा आणि त्यातून दोन आण्यांची भाजी घेता येऊ नये, अशी विलक्षण अडचण त्या काळी हिंदुस्थानभर लोकांना सोसावी लागली. आज जुन्या नोटांच्या संग्राहकांना ज्या कागदांची ओढ लागते, त्यांतील बरेचसे कागद याच अडचणीतून जन्माला आले.

१९४० साली फ्रान्सचा पाडाव झाला आणि लोकांचा कागदावरील विश्वास डळमळला. नोटा देऊन चांदीचे रुपये घ्यावेत व ते घरात पुरून ठेवावेत, असा ओघ सुरू झाला. तेव्हा सरकारने त्याच वर्षी एक रुपयाची नोट पुन्हा काढली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अशी नोट प्रथम निघाली होती. पण तिच्यावर रुपया देण्याचे वचन छापलेले होते. १९४० च्या नोटेवर तसे वचन नाही. कायद्याने ती स्वतःच रुपयाचे नाणे ठरली! त्याच वर्षी रुपयातील चांदी बारा भागांतील अकरा भागांवरून निम्म्यावर आली आणि ३१ मार्च १९४१ नंतर राणी व्हिक्टोरियाच्या छापाचे रुपये कायदेशीर चलन राहिले नाहीत. १९४३ साली दोन रुपयांची नोट आली आणि मधोमध भोक असलेला तांब्या-कथलाचा पैसाही आला. धातूची काटकसर करण्यासाठी पैशाला भोक पाडावे लागले, यातच त्या काळाची सारी कहाणी सामावली आहे.

संस्थानांनी आपल्यापुरता निराळा मार्ग काढला. मोरवी, जुनागढ, नवानगर, पालिताणा, तसेच बिकानेर, बुंदी अशा अनेक संस्थानांनी पैसा, आणा, दोन आणे अशा किमतीचे छोटे छापील तुकडे काढले. त्यांना ‘कॅश कूपन’ म्हणत. जाड कागदाच्या किंवा पुठ्ठ्याच्या या तुकड्यांवर संस्थानाचे नाव किंवा राजचिन्ह असे. संस्थानाच्या हद्दीत त्यांना चलनाचा मान होता. हद्द ओलांडली की तो पुठ्ठाच. बडोद्याचा अमरेली प्रांत काठेवाडातील या संस्थानांच्या शेजारीच होता. तिकडून पादऱ्याकडे परतणाऱ्या माणसाच्या खिशात असा एखादा आणा राहून गेला असेल, तर त्याने तो बाजारात मोडू पाहिला तरी कोण घेणार? विश्वासालाही सीमा असते, हे अर्थशास्त्राचे तत्त्व तो एक आणा शिकवतो.

ब्रह्मदेशात जपानी सरकारने छापलेल्या रुपयांच्या नोटांची गोष्ट याहूनही कठोर आहे. त्या नोटा १९४२ च्या होत्या. जपानचा पराभव झाला आणि नोटा काढणारी सत्ता व नोटांची किंमत दोन्ही गेली. ज्यांनी धान्य विकून ती घेतली, त्यांच्या हाती केवळ कागद उरला.

नाण्यावरील मुद्रा कोणाची, हा प्रश्न शुभवर्तमानात प्रभू येशूनेही विचारला आहे. संग्राहकाचाही पहिला प्रश्न तोच असतो. सही कोणाची, हा दुसरा. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख यांची सही युद्धकाळच्या नोटेवर पाहिली की मराठी माणसाला अभिमान वाटावा, हे साहजिकच आहे. परंतु तिसरा प्रश्नही विचारला पाहिजे: या कागदाचा भार कोणी वाहिला? १९३९ च्या ऑगस्टात देशात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. युद्ध संपेपर्यंत तो आकडा अकराशे कोटींच्या वर गेला. नोटा वाढल्या, माल तेवढा वाढला नाही. महागाई झाली आणि ठराविक पगारावर जगणारा कारकून, शिक्षक व मजूर यांच्या ताटातील घास लहान झाला. युद्धाचा खर्च त्यांनी असा न बोलता भरला.

म्हणूनच जुन्या पेटीत असा एखादा कागद सापडला, तर त्याचा बाजारभाव विचारण्यापूर्वी तो घरात कसा आला हे वडीलधाऱ्यांना विचारावे. कोणी आणला, कोठून आणला, का जपला, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे. कागदाला इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये. ओल आणि ऊन यांपासून दूर, साध्या पाकिटात तो ठेवावा. फाटकी, मळलेली नोट संग्राहकाला कमी किमतीची वाटते. इतिहासाला मात्र तीच अधिक बोलकी, कारण ती अनेक हातांतून गेलेली असते. कागद पेटीत टिकेलही. त्याची हकीकत सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. तेव्हा ती हकीकत आधी टिपून घ्यावी.